प्रिंटर ऑफलाइन आहे, असं कोण म्हणतं?

प्रिंटरचा दिवा लागलेला आहे. ट्रेमध्ये कागद आहे, शाई आहे, राऊटरही व्यवस्थित चालू आहे. तरीही लॅपटॉपवर ‘प्रिंट’ दाबल्यावर उत्तर येतं की प्रिंटर ऑफलाइन आहे. घरात प्रिंटर असलेल्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं, आणि बहुतेक जण एकच उपाय करतात: सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. पुष्कळदा तेवढ्यानं काम भागतं. पण ते का भागतं याचा माग काढत गेलं, तर एका साध्या पानाच्या छपाईमागे काय काय घडत असतं हे पाहून माणूस थक्क होतो.

पहिली गोष्ट ही की ‘ऑफलाइन’ हा शब्द बहुतेक वेळा प्रिंटरनं उच्चारलेलाच नसतो. तो लॅपटॉपनं उच्चारलेला असतो. लॅपटॉपला प्रिंटरवरचा दिवा दिसत नाही, त्याची घरघर ऐकू येत नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक असतं की आपण काहीतरी विचारलं आणि ठरावीक वेळात उत्तर आलं नाही. त्या शांततेवरून त्यानं काढलेला निष्कर्ष म्हणजे ‘ऑफलाइन’. शांततेला कारणं मात्र डझनभर असू शकतात, आणि त्यांतल्या बहुतेक कारणांत प्रिंटरचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नसतं.

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीनं १९७० साली आपला ‘मॉडेल १०१’ हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला, आणि त्याची केबल पुढे जगभर प्रमाण ठरली. या केबलमध्ये अक्षरं वाहून नेणाऱ्या आठ तारा होत्या. त्यांच्या सोबतीनं काही तारा फक्त प्रिंटरची हालहवाल सांगायला होत्या: एक ‘मी सध्या कामात आहे’ म्हणणारी, एक ‘कागद संपला’ म्हणणारी, एक ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणणारी. आणि तेरा क्रमांकाची एक तार होती, ‘सिलेक्ट’ नावाची. तिच्यावर विजेचा दाब असला की प्रिंटर ऑनलाइन, नसला की ऑफलाइन. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीमागे किंवा बँकेत ज्यांनी जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पाहिलेत त्यांना त्यावरचं ‘ऑनलाइन’ बटण आठवत असेल. कागद हातानं पुढे घ्यायचा असेल तेव्हा ते दाबून प्रिंटरला आधी ऑफलाइन करावं लागे. त्या काळी प्रिंटरची अवस्था ही तारेवर मोजता येण्याजोगी, भौतिक गोष्ट होती. तर्काला जागाच नव्हती.

याच तारांशी संगणकविश्वातला एक प्रसिद्ध संदेश जोडलेला आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रिंटर-ड्रायव्हरमध्ये तारा तपासण्याचा क्रम असा आहे: कागद संपल्याची तार चालू असेल तर ‘कागद नाही’ म्हणायचं, सिलेक्ट तार बंद असेल तर ‘ऑफलाइन’ म्हणायचं, आणि कागद आहे, प्रिंटर ऑनलाइनही आहे, तरी बिघाडाची तार चालू आहे, असं असेल तर? तर ‘प्रिंटरला आग लागली आहे’ म्हणायचं. हा संदेश खरोखरच त्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आहे. मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. ज्या अवस्थेचं कारण आपल्याला सांगता येत नाही, तिथे जाऊन माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, इतका मोठा आवाज प्रोग्रामरनं करून ठेवला.

मग तारा गेल्या आणि नेटवर्क आलं. इथे इतिहासातली एक विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी, कारण प्रिंटरला नेटवर्कवर आणलं असं आपण समजतो, पण खरी घटना जवळजवळ उलटी आहे. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे झेरॉक्सचं संशोधन केंद्र होतं. तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ साली लेझर प्रिंटर बनवला. सेकंदाला एक पान, एका इंचात ५०० ठिपके. साडेआठ बाय अकरा इंचांच्या पानाचा हिशेब करून पाहा: ४,२५० गुणिले ५,५००, म्हणजे सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके, तेही एका सेकंदात. त्याच केंद्रात ‘आल्टो’ नावाचे वैयक्तिक संगणक तयार होत होते, आणि प्रत्येकाला या एकाच प्रिंटरवर पानं काढायची होती. इतक्या संगणकांतून इतकी माहिती एका यंत्राकडे न्यायची कशी? हे काम बॉब मेटकाफ यांच्याकडे आलं. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिलं, आणि त्यात ‘ईथरनेट’ची कल्पना मांडली. आज जगातल्या कार्यालयांत, डेटा सेंटरमध्ये आणि तुमच्या राऊटरच्या मागच्या पिवळ्या-निळ्या केबलमध्ये जे ईथरनेट धावतं, त्याच्या जन्माचं एक मोठं कारण म्हणजे सगळ्यांना एका प्रिंटरपर्यंत पोचता यावं, हे होतं.

त्यानंतर काही वर्षांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एआय प्रयोगशाळेत काम करणारे प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना प्रिंटरच्या मुकेपणाचाच त्रास झाला. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यांवर. कागद अडकला तर कोणाला कळणार नाही. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी अशी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की ज्यांची पानं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर संदेश झळकावा. मग झेरॉक्सकडून नवा लेझर प्रिंटर आला आणि त्याचा सोर्स कोड मिळेना. तशीच सोय तिथे करता येईना. १९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली, आणि या प्रिंटरचा किस्सा ते पुढे आपल्या भाषणांतून सांगत राहिले. प्रिंटरचं काय चाललंय हे माणसाला कळलं पाहिजे, ही मागणी इतकी जुनी आणि इतकी दूरवर पोचलेली आहे.

आता आपल्या घरात येऊ. ‘प्रिंट’ दाबलं की पहिल्यांदा ते पान ‘स्पूलर’ नावाच्या प्रोग्रामकडे जातं. संगणक वेगवान, प्रिंटर संथ. म्हणून पान आधी डिस्कवर फाइल म्हणून लिहून ठेवायचं आणि प्रिंटरला झेपेल तसं पुढे सरकवायचं, हे त्याचं काम. विंडोजमध्ये अशा प्रत्येक कामाच्या दोन फाइली तयार होतात: एकीत पानाचा मजकूर, दुसरीत त्या कामाची माहिती, म्हणजे कोणाचं काम, कोणत्या प्रिंटरवर वगैरे. यातली एखादी फाइल अर्धवट राहिली तर तिच्यामागची सगळी कामं अडकून पडतात. इथवर प्रिंटरचा संबंधही आलेला नसतो.

मग स्पूलरला प्रश्न पडतो: हा प्रिंटर आहे कुठे? घरातल्या नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ पासूनचं प्रमाण तसं सांगतं. त्यामुळे तुमच्या प्रिंटरचा जो पत्ता आहे तोच पत्ता नागपुरात कोणाच्या टीव्हीचा आणि पणजीत कोणाच्या फोनचा असतो, आणि तरी काहीच गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो घरातल्या घरात, कारण हा पत्ता कायमचा नसतो.

राऊटर तो भाड्यानं देतो. ही पद्धत १९९३ साली प्रमाण म्हणून मांडली गेली, तिचं नाव डीएचसीपी. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा भाडेकरार डोळ्यांसमोर आणा: मुदत संपण्याआधी नूतनीकरण केलं तर घर तुमचंच, नाही केलं तर मालक ते दुसऱ्याला द्यायला मोकळा. यंत्रांचा करार बहुधा काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. २४ तासांचा धरला, तर १२ तासांनी यंत्र राऊटरला विचारतं, ‘मुदत वाढवता का?’ उत्तर नाही आलं तर अधूनमधून विचारत राहतं, आणि मुदतीचा सात-अष्टमांश भाग उलटला, म्हणजे २१ तास झाले, की ते सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतं, ‘मला पत्ता देणारं कुणी आहे का?’ तेही निष्फळ ठरलं तर मुदत संपताच यंत्रानं पत्ता सोडायचा. कोणीही मधे न पडता, रात्रंदिवस, घरातल्या प्रत्येक फोनसाठी, टीव्हीसाठी, कॅमेऱ्यासाठी ही बोलणी चालू असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता प्रिंटर हे असं यंत्र आहे की ते आठवडाभर बंद पडून राहतं. मुदत संपते. राऊटरनं तोच पत्ता पुन्हा दिला तर उत्तम, आणि पुष्कळदा तो देतोही. पण मधल्या काळात पाहुणे आले, त्यांचे फोन वायफायला जोडले गेले, आणि एखाद्या फोनला नेमका तोच आकडा मिळाला तर? प्रिंटर चालू होतो, मुकाट्यानं नवा आकडा घेतो, आनंदात असतो. लॅपटॉपकडे मात्र जुना आकडा लिहिलेला आहे. तो तिथे जातो, छपाईसाठी रुळलेल्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जणू दारावर, हाक मारतो, आणि ती हाक आता पाहुण्याच्या फोनवर जाऊन आदळते. फोनला छपाईतलं काही कळत नाही, तो नकार देतो. लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात, याला आणखी एक कारण जोडलं जातं: लाईट जाते. अनेक घरगुती राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी तात्पुरत्या स्मृतीतच ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते. वीज परत येते तेव्हा सगळी यंत्रं एकाच क्षणी जागी होतात आणि जो आधी विचारेल त्याला आधी आकडा मिळतो. शिवाय राऊटरला उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि प्रिंटर त्याच्या आधी तयार होऊन बसला तर त्याला पत्ता द्यायला कोणी नसतंच. अशा वेळी पत्त्याशिवाय राहण्याऐवजी यंत्र स्वतःच स्वतःला एक आकडा घेतं. हे आकडे १६९.२५४ ने सुरू होतात. ते त्यांतला एक यादृच्छिक आकडा उचलतं, आधी नेटवर्कवर विचारून पाहतं, ‘हा कोणी वापरतंय का?’, आणि उत्तर नाही आलं तरच तो घेतं. वरिष्ठ कोणी नसताना यंत्रांनी एकमेकांत ठरवून घ्यायची ही रीत २००५ साली प्रमाण झाली. तिच्यामुळे प्रिंटर अगदी हरवून जात नाही. पण १९२.१६८ च्या वस्तीत राहणारा लॅपटॉप त्याला सहसा शोधू शकत नाही.

पत्ता बरोबर असला तरी काम संपत नाही. हवेतून किंवा तारेतून माहिती जाते ती आकडी पत्त्यावर नव्हे, तर यंत्राच्या जन्मजात ओळख-क्रमांकावर. हा क्रमांक ४८ बिटांचा असतो. त्यात २८१ लाख कोटींहून अधिक वेगवेगळे क्रमांक मावतात. आकड्यावरून क्रमांक काढायची युक्ती डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहिली, आणि ती इतकी सरळ आहे की वाचून हसू येतं: सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, ‘१९२.१६८.१.७ कोणाकडे आहे?’ ज्याच्याकडे असेल तो उत्तर देईल, बाकीचे गप्प राहतील. चाळीसहून अधिक वर्षं उलटली, आणि तुमच्या घरातला प्रत्येक फोन आजही हेच करतो.

आणि नेमका त्याच वेळी प्रिंटर झोपलेला असतो. वायफायमध्ये रेडिओ सतत चालू ठेवणं खर्चिक, म्हणून यंत्रं डुलक्या घेतात. राऊटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून जवळजवळ दहा वेळा, एक छोटा संकेत सोडतो. त्यात तो सांगतो की झोपलेल्यांपैकी कोणाकोणासाठी माझ्याकडे निरोप राखून ठेवलेत. यंत्र त्या क्षणापुरतं जागं होतं, आपलं नाव आहे का पाहतं, नसेल तर पुन्हा झोपतं. एका विशिष्ट यंत्रासाठी असलेला निरोप पोचला की पोच मिळते, आणि पोच नाही आली तर राऊटर तो पुन्हा पाठवतो. पण ‘सगळ्यांना उद्देशून’ हवेत सोडलेल्या निरोपाला पोच नसते. झोपेत तो हुकला, तर तो गेलाच. प्रिंटरचा शोध घेणारे प्रश्न मुख्यतः याच प्रकारचे असतात.

इथे एका कोड्याचं उत्तर मिळतं. मोबाइलवरून प्रिंट निघते आणि लॅपटॉप मात्र ऑफलाइन म्हणतो, असं अनेकदा का होतं? कारण फोन दर वेळी नव्यानं विचारतो. तो २२४.०.०.२५१ या खास सामूहिक पत्त्यावर हाक देतो, ‘इथे छपाई करणारं कोण आहे?’, आणि प्रिंटर आपलं नाव आणि त्या क्षणीचा पत्ता सांगतो. ही पद्धत ॲपलमधल्या स्टुअर्ट चेशर यांच्या कामातून आली. जुन्या ॲपलटॉक नेटवर्कवर प्रिंटर नुसता जोडला की दिसायचा, ती सहजता इंटरनेटच्या पत्त्यांच्या जगात परत आणायची ही त्यांची धडपड होती. विंडोजच्या लॅपटॉपवर वर्षापूर्वी कोणीतरी प्रिंटर बसवताना त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवलेला असतो, आणि तो बिचारा अजून तोच पत्ता शोधत असतो. म्हणूनच फोनवरून एक पान काढून पाहणं ही मला सगळ्यात उपयोगी चाचणी वाटते. निघालं, तर प्रिंटर, शाई, वायफाय सगळं निर्दोष आहे आणि दोष लॅपटॉपच्या आठवणीत आहे, हे अर्ध्या मिनिटात कळतं.

सगळ्यात चकित करणारं कारण मी मागे ठेवलं आहे. कधीकधी पत्ता बरोबर असतो, प्रिंटर जागा असतो, पान पाठवलं तर ते छापलंही जाईल, आणि तरीही विंडोज ते पाठवतच नाही. कारण पान पाठवायचा रस्ता वेगळा आणि तब्येत विचारायचा रस्ता वेगळा. तब्येत विचारली जाते एसएनएमपी नावाच्या पद्धतीनं, १६१ क्रमांकाच्या पोर्टवर. ही पद्धत १९८८ सालची, मोठमोठ्या नेटवर्कवरच्या राऊटरांवर देखरेख करण्यासाठी बनवलेली. १९९३ साली तिच्यात प्रिंटरसाठी एक छोटीशी नोंद ठरवली गेली: आठ बिटांची, म्हणजे एकाच बाइटची. एक बिट कागद कमी असल्याचा, एक संपल्याचा, दोन टोनरचे, एक झाकण उघडं असल्याचा, एक कागद अडकल्याचा, एक दुरुस्ती हवी असल्याचा. आणि त्यांतच एक बिट ‘ऑफलाइन’चा. सेंट्रॉनिक्सच्या तारा जणू एका बाइटमध्ये येऊन बसल्या.

हा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत पोच मिळण्याची हमी नाही. शिवाय सोबत परवलीचा शब्द लागतो, जो कारखान्यातून येताना बहुतेक यंत्रांत ‘पब्लिक’ असा ठेवलेला असतो. प्रिंटरमध्ये हा शब्द बदलला गेला, किंवा सुरक्षेसाठी ही सोयच बंद केलेली असली, किंवा झोपेतून उठायला त्याला चार सेकंद जास्त लागले, तर उत्तर येत नाही. मग छापायला एका पायावर तयार असलेल्या प्रिंटरला लॅपटॉप ऑफलाइन ठरवतो. विंडोजच्या पोर्ट-सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की हा प्रश्नच विचारला जात नाही, आणि कित्येक ‘बिघडलेले’ प्रिंटर त्या क्षणी बरे होतात.

लॅपटॉपला मूर्ख म्हणायचा मोह होतो, पण त्याची अडचण फार खोल आहे. उत्तर आलं नाही याचा अर्थ समोरचा बंद पडला, की तो फक्त सावकाश आहे, की उत्तर वाटेत हरवलं? नुसत्या शांततेवरून हे ओळखता येत नाही. १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी गणितानं सिद्ध केलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एखादंही यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर यंत्रांचं नेहमी एकमत होईलच अशी खात्रीची, ठरावीक पायऱ्यांची पद्धत असूच शकत नाही. त्या सिद्धतेच्या मुळाशी हीच अडचण आहे: मेलेलं यंत्र आणि मंद यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. बँकांच्या प्रचंड संगणकप्रणाली रचणाऱ्यांना जो प्रश्न रोज छळतो तो तुमच्या टेबलावर, तीनशे रुपयांच्या शाईच्या बाटलीशेजारी, जसाच्या तसा उभा आहे. व्यवहारात त्यावर एकच उपाय आहे: काही सेकंद वाट पाहायची आणि मग काहीतरी ठरवून टाकायचं. लॅपटॉप तेच करतो. कधी चुकतो.

हे सगळं लक्षात घेतलं की दुरुस्तीला दिशा येते. फोनवरून पान निघालं नाही, तर प्रिंटरकडूनच त्याचा पत्ता काढून घ्या. जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटरला एखादं बटण दाबून धरून किंवा त्याच्या पडद्यावरच्या मेन्यूतून नेटवर्कची माहिती छापता येते. नेटवर्क तुटलेलं असलं तरी हे पान निघतं, कारण ते प्रिंटर स्वतःच तयार करतो. त्यावरचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही: राऊटर बंद करून चालू करा, तो पूर्ण उठेपर्यंत थांबा, मगच प्रिंटर चालू करा. क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो इथे का महत्त्वाचा आहे ते आता वेगळं सांगायला नको. वायफायचं नाव जुनंच दिसत असेल, म्हणजे मधे नवा राऊटर बसवला असेल किंवा पासवर्ड बदलला असेल, तर प्रिंटरला नवं नाव आणि पासवर्ड द्यावा लागेल. (नवा राऊटर घेताना जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला, तर घरातली बहुतेक यंत्रं आपोआप जोडली जातात.) पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर प्रिंटर किंवा लॅपटॉप जोडलेला असेल, तर ती दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत; ते वायफाय मुद्दाम तसं बनवलेलं असतं. अनेक स्वस्त प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, ५ चा नाही, हेही ध्यानात ठेवा.

आकडा १९२.१६८ सारखा नेहमीचा असेल तर तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये, वेबसाइटचं नाव लिहितो त्या जागी, टाइप करून पाहा. बहुतेक प्रिंटरांच्या पोटात एक छोटा वेबसर्व्हर असतो, आणि त्याचं पान उघडतं: शाई किती उरली, आजवर किती पानं छापली, सगळं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला फार नवल वाटतं, आणि वाटायलाच हवं. हे पान उघडलं, तर लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यामधला रस्ता पूर्ण मोकळा आहे याचा तो पुरावा आहे. मग दोष उरतो तो लॅपटॉपमधल्या नोंदीत. छपाईच्या रांगेच्या मेन्यूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ असा पर्याय दिसत असेल आणि त्यावर खूण असेल तर ती काढा. कधीतरी चुकून लागलेली ती खूण आपणहून जात नाही. अडकलेली कामं रद्द करा, होत नसतील तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा सुरू करा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ पाहा. तिथे ‘डब्ल्यूएसडी’ असं लिहिलेलं असेल, तर तो विंडोज व्हिस्टाच्या काळापासूनचा आपोआप शोधणारा रस्ता आहे, आणि माझ्या मते घरगुती वायफायवर त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट तयार करून त्यात प्रिंटरचा आकडा भरा.

पण तो आकडा उद्या बदलला तर? त्यावरचा इलाज प्रिंटर चालू असतानाच करून ठेवायचा असतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. तिथे प्रिंटरचा ४८ बिटांचा ओळख-क्रमांक, जो त्या छापलेल्या माहितीपानावर ‘मॅक ॲड्रेस’ म्हणून असतो, आणि त्याला द्यायचा आकडा अशी जोडी नोंदवायची. आजकालचे फोन खासगीपणासाठी आपला क्रमांक वेगवेगळ्या वायफायवर बदलून सांगतात, प्रिंटर सहसा तसं करत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ही नोंद भरवशाची ठरते. ती राऊटरच्या कायमच्या स्मृतीत राहते. लाईट गेली तरी पुसली जात नाही. घरात इन्व्हर्टर असेल आणि राऊटर त्यावर नसेल तर तोही त्यावर घ्या.

तेव्हा प्रिंटर आज नीट चालत असेल तर आजच माहितीपान छापा, राऊटरमध्ये आकडा राखून ठेवा आणि प्रिंटरच्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर तोच आकडा स्केच पेननं लिहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते घरातल्या बारावीच्या मुलालाही शिकवून त्याच्याकडूनच करून घेता येईल.